सोलापूरच्या वाटेवर समुद्र

दिलेला शब्द अक्षरशः खरा धरणारा जगात आता एकच माणूस उरला आहे आणि तो माझा मामेसासरा आहे. हे माझं भाग्य की भोग, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ठरवता आलेलं नाही. तुम्ही-आम्ही 'पाच मिनिटांत आलो' म्हणतो, 'एकदा या घरी' म्हणतो आणि विसरून जातो. मामांना असं काही म्हणायची सोय नाही. 'एकदा या घरी' म्हणालात की ते 'कधी?' असं विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत. आमच्याच एका नातेवाइकाच्या लग्नात पत्रिकेवर बारा पस्तीसचा मुहूर्त छापला होता. बारा पस्तीसला नवरदेव अजून बँडसमोर मित्रांच्या खांद्यावर नाचत होता आणि स्टेजवर दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. मामा उठले, घड्याळ बघितलं, मूठभर अक्षता त्या खुर्च्यांवर टाकल्या, हात जोडले आणि थेट जेवायला जाऊन बसले. मुलीचे वडील धावत आले तर म्हणाले, "माझ्यापुरतं लागलंय की ओ लग्न. तुमचं तुम्ही बघा."

सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात फळ्यावर 'आजचे स्पेशल' म्हणून एकच पदार्थ वर्षानुवर्षं लिहिलेला असे. ऑईल पेंटने. मामांनी मालकाला बोलावून अगदी शांतपणे विचारलं, "आज म्हणजे कधी?" मालक हसला. मामा हसले नाहीत. आठवडाभर रोज जाऊन ते तोच प्रश्न विचारत राहिले. शेवटी मालकाने फळा उतरवला आणि त्या जागी देवाचा फोटो लावला. देवाला कुणी प्रश्न विचारत नाही, एवढा व्यवहार त्यालाही कळत होता. बिस्किटाच्या पुड्यावर काजूचं चित्र भरघोस आणि आत काजूची नुसती आठवण असली, तर आपण चहात बुडवून खातो. मामा पुडा घेऊन वितरकाच्या गोदामावर जातात. त्यांच्या रागाला तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर ते सोलापुरी मराठी बोलतात, दुसऱ्या पायरीवर घरातली तेलुगू, आणि तिसऱ्या पायरीवर एकदम छापील मराठी. 'महोदय' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला की आमच्या घरातली माणसं खिडक्या लावून घेतात.

मी विमा कंपनीत नोकरी करतो, म्हणजे माझं पोट बारीक अक्षरांवर चालतं. त्यामुळे मामांचा माझ्यावर पहिल्या दिवसापासून संशय आहे. "जावई चांगले आहेत," असं ते माझ्या सासूबाईंना म्हणाले होते, "पण अटी लागू असतील."

या माणसाने उभी हयात चादरीच्या कारखान्यात काढली. चादरीवरची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवून काढावी लागते आणि मग ती मागावर चढते. मामा ती नक्षी काढत. मोर, कमळ, हत्ती, सगळं चौकटीचौकटींचं. निवृत्त झाल्यावर त्यांची मुलगी हैदराबादला नोकरीला गेली आणि घरात तिचा कॉम्प्युटर उरला. एका दुपारी मामांनी त्यावर एक जुन्या धाटणीचा व्हिडिओ गेम बघितला. त्यातला माणूस, झाड, ढग, सगळं चौकोनी ठिपक्यांचं. मामा खुर्चीत पुढे सरकले. "अरे, हे तर आमचंच काम आहे की! फक्त हलायलाय." तेव्हापासून विणकरांच्या पूर्व भागातल्या आपल्या दोन खोल्यांत, शेजारच्या मागांच्या खडखडाटात, साठी उलटलेला एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून किल्ले जिंकू लागला. हरला की उठून फेऱ्या मारायचा. राक्षसाने फसवून मागून वार केला, तर त्याला तेलुगूत सुनवायचा.

असंच एकदा त्यांना ते पान सापडलं. लांबच्या कुठल्याशा शहरातल्या तरुणांची एक कंपनी लोकवर्गणीतून गेम काढणार होती. गेमची गोष्ट अशी की दुष्काळात एक विणकर कुटुंब तेलंगणातलं गाव सोडतं, बैलगाडीत माग घालतं आणि चालत चालत सोलापूरला येतं. मामांनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावरून खाली ओढून पुन्हा वाचलं. त्यांचे आजोबा तसेच आले होते. ती वाट घरात कुणी पाहिलेली नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. कुठे बैल बसला, कुठे आजीने मागाचा धोटा पदरात बांधून घेतला, कुठल्या गावात कुणी ताक दिलं. माझ्या सासूबाई म्हणजे मामांच्या अक्का. या वाटेवर त्यांची आजी गाडीमागून चालताना जे गाणं म्हणायची, ते त्यांना अजून येतं.

पानावर एक व्हिडिओ होता. त्यात एक दाढीवाला पोरगा हात जोडून म्हणत होता, "हा गेम आमचा नाही, तुमचा आहे." खाली लिहिलं होतं, येत्या दिवाळीत गेम हातात. वर्गणीचे प्रकार होते. थोडी दिली तर शेवटी नाव, जास्त दिली तर तुमच्या घराण्याची एखादी खूण गेममध्ये, आणि सगळ्यांत मोठी दिली तर तुमचा पूर्वज गेममधला माणूस म्हणून दिसणार. मामांनी सगळ्यांत मोठी निवडली. एवढ्यावर थांबले असते तर ते मामा कसले? त्यांनी गल्लीच गोळा केली. चहावाला, शिंपी, दात काढणारे डॉक्टर, कधी आयुष्यात गेम न खेळलेल्या बायका. "आपले आजे-पणजे चालत आले ते दिसणार आहेत पडद्यावर," एवढं ते सांगत आणि माणसं पैसे काढत. मामा सांगतायत म्हटल्यावर खरंच असणार, हा त्यामागचा हिशेब होता.

नक्षी पाठवायची तर मामांनी घराण्याची कमळाची किनार ताज्या कागदावर पुन्हा काढली. आवाज पाठवायचा तर अक्कांना खुर्चीत बसवून, पंखा बंद करून, शेजारच्या कारखान्यात जाऊन "दहा मिनिटं माग थांबवा ओ" अशी विनंती करून गाणं फोनवर घेतलं. अक्का आधी लाजल्या, मग गायल्या. मधेच अडखळल्या, रडल्या आणि पुन्हा पहिल्यापासून गायल्या. मी तिथे होतो. पाठवण्याआधी मी अटी वाचल्या आणि म्हणालो, "मामा, यात लिहिलंय की तुम्ही पाठवाल ते सगळं वापरायचा हक्क त्यांचा. आणि गेम वेळेवर येईल याची हमी नाही."

"पण वर तर मोठ्या अक्षरात दिवाळी लिहिलीय की!"

"खाली बारीक अक्षरात 'हमी नाही' असं लिहिलंय."

"मग खरं कोणतं?"

खरं म्हणजे बारीक अक्षरातलं, हे त्यांना सांगण्याची हिंमत माझ्यात नव्हती. नक्षी, गाणं, आजोबांचा फोटो आणि सगळ्यांचे पैसे एकदमच पाठवून त्यांनी बटण दाबलं. बटणावर 'आगाऊ मागणी नोंदवा' असं लिहिलं होतं. ते शब्द मला का लक्षात राहिले, तर मामांनी ते मोठ्याने वाचले होते.

दिवाळी आली. फराळ आला, फटाके आले, गेम आला नाही. त्याऐवजी पत्र आलं, की तुमच्या प्रेमामुळे आम्ही गेम अधिक भव्य करत आहोत, आता यात समुद्रही असेल. मामांनी पत्र दोनदा वाचलं. "सोलापूरला येताना समुद्र कुठं लागतो?" त्यांनी मला विचारलं, जणू नकाशा मीच काढला होता. पुढच्या पत्रात समुद्रात चाचे आले. त्याच्या पुढच्या पत्रात चौघांनी मिळून खेळायची सोय आली. तेवढ्यात एक पार्सल आलं. गल्लीतल्या सगळ्यांना एकेक टी-शर्ट! सोलापुरात, विणकरांच्या घरी, टी-शर्ट! मामांनी तो उजेडात धरला, शिवण ओढून पाहिली, बादलीत बुडवला. बादली निळी झाली. "जावई," ते म्हणाले, "ज्याला रंग पक्का करता येत नाही, तो गेम काय करणार?"

मग त्यांनी कंपनीच्या पानावर, जिथे वर्गणीदार बोलतात तिथे, लिहायला सुरुवात केली. पहिला प्रश्न साधा होता: बैलगाडी कुठवर आली? उत्तरादाखल त्यांच्यावर भलतीच पोरं तुटून पडली. काका, हा पाठिंबा आहे, खरेदी नाही. काका, कला घाईत होत नाही. काका, तुम्हाला कळत नसेल तर गप्प बसा. ही पोरंही पैसे देऊन बसलेली, त्यांच्याही हातात काही नाही, आणि तरी ती मागणाऱ्यालाच गप्प करत होती! माझं रक्त तापलं ते इथे. मी रोज माणसांना अटी समजावून सांगतो, मला निर्ढावलेला म्हणा. पण कुठल्याही विमेदाराला 'तुम्ही हप्ता भरलात तो प्रेमापोटी' असं सांगायची लाज आम्हाला अजून वाटते. मामांनी शेवटी तिसरी पायरी गाठली. 'महोदय, आपण दिलेल्या वचनाचे काय झाले, हे कृपया कळवावे.' दुसऱ्या दिवशी ते वाक्य पुसलेलं होतं आणि मामांना तिथून काढून टाकलं होतं. कारण दिलं होतं, वातावरण बिघडवल्याबद्दल. बटणावरचे शब्दही आता बदलले होते. तिथे 'आगाऊ मागणी'च्या जागी 'स्वप्नाला साथ द्या' असं आलं होतं.

त्यानंतर कंपनीकडून काहीच आलं नाही. गल्लीतली माणसं बिचारी मामांना पाहून विषय टाळत. चहावाला तर उलट त्यांनाच समजावी, "जाऊ द्या ओ मामा, होतं असं." या 'जाऊ द्या'चा मामांना जितका राग आला, तितका समुद्राचाही आला नव्हता. "सगळे जाऊ द्या म्हणतात म्हणूनच जायलंय," ते म्हणत आणि चहा अर्धा टाकून उठत. घरी त्यांनी कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवली.

आणि मग एका रविवारी सकाळी माझी बायको फोन घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. फोनवर कसलीशी जाहिरात सुरू होती. पत्ते लावा, पैसे जिंका, आजच खेळा. पत्त्यांच्या पाठीवर कमळाची किनार होती आणि मागे, ढोलकीच्या ठेक्याखाली दाबलेला, अक्कांचा आवाज होता. जिथे त्या अडखळल्या होत्या, तिथे नाणी खळखळत पडत होती.

आम्ही ते मामांपासून लपवायचं ठरवलं, पण ते आमच्या मागेच उभे होते. ते ओरडले नाहीत. मराठी नाही, तेलुगू नाही, महोदय नाही. त्यांनी चपला घातल्या आणि विचारलं, "जावई, ग्राहक आयोग कुठं भरतो?"

तिथल्या तारखा पडत गेल्या. मामा प्रत्येक तारखेला कार्यालय उघडण्याआधी हजर. कंपनीचा वकील चुणचुणीत होता. त्याने सांगितलं की तक्रारदार मुळात ग्राहकच नाहीत. ग्राहक वस्तू विकत घेतो, यांनी वर्गणी दिली. आणि ते पान ज्या वेबसाइटवर होतं, तिने कळवलं, आम्ही नुसता फळा आहोत, फळ्यावर कोण काय लिहितं त्याला आम्ही जबाबदार नाही. मामांना बोलायची परवानगी मिळाली तेव्हा ते उठले.

"साहेब, वर्गणी मी दरवर्षी गणपतीला देतो. ती देणगी आहे, मला मान्य आहे. पण दहा दिवस मांडवात गणपती दिसतो की! वर्गणी गोळा करून मंडळानं मूर्तीच आणली नाही आणि विचारलं तर म्हणाले, तुम्ही श्रद्धेनं दिलीत, आता आम्ही समुद्र आणणार आहोत, तर आमच्या भागात काय होईल, ते या वकीलसाहेबांनी एकदा येऊन बघावं."

मागे कुणीतरी हसलं. आयोगाच्या अध्यक्षबाईही हसू दाबत होत्या. मामा मात्र हसले नाहीत. "आणि दुसरं. मी दाबलं त्या बटणावर 'मागणी नोंदवा' लिहिलं होतं. मागणी कोण नोंदवतं? भक्त की गिऱ्हाईक?" बटणाच्या त्या पानाचं चित्र त्यांच्या मुलीने तेव्हाच कौतुकाने मैत्रिणींना पाठवलं होतं, ते तिने हैदराबादहून पाठवून दिलं. वकील मग बराच वेळ आपले कागद नीट लावत बसला.

त्या दिवशी तो दाढीवाला पोरगाही आला होता. व्हिडिओतली दाढी तीच होती, पण माणूस निम्मा झाला होता. बाहेर व्हरांड्यात तो मामांपुढे आला आणि वाकून नमस्कार करू लागला. मामा मागे सरकले.

"काका, मला खरंच करायचा होता गेम."

"मग जमत नाही म्हणून सांगायचं होतं. 'जमत नाही' एवढं लिहायला किती वेळ लागतो?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

"तुमचीच. तुमच्यासारख्या सगळ्यांची. पहिल्यांदा उशीर झाला तेव्हा वाटलं, काहीतरी मोठं सांगावं म्हणजे लोक थांबतील. म्हणून समुद्र सांगितला. मग समुद्र करता येईना."

मला वाटलं, मामा आता विरघळतील. सिनेमात असते तर विरघळले असते. "मला घाबरलास," ते म्हणाले, "आणि माझ्या अक्काचं गाणं जुगाराला लावताना घाबरला नाहीस?"

पोराने मान खाली घातली. कर्ज झालं, तेव्हा कंपनीतलं सगळं चित्र-आवाजाचं सामान एकगठ्ठा त्या पत्त्यांच्या गेमवाल्यांना विकलं, त्यात काय काय गेलं ते पाहिलंही नाही, असं त्याने सांगितलं. "पाहिलंही नाही" हे शब्द मामांनी एकदा स्वतःशी म्हणून बघितले. त्यांना याहून वाईट काही ऐकवता आलं नसतं.

निकाल मामांच्या बाजूने लागला. मागणी नोंदवून घेतली म्हणजे हे ग्राहकच, पैसे परत करा, गाणं आणि नक्षी ताबडतोब काढा. गाणं निघालं, किनारही निघाली. पैशांचं म्हणाल तर कंपनी तोवर बंद पडली होती आणि बंद दारावर टकटक करण्याचं काम अजून चालू आहे. मामा निकाल घेऊन गल्लीत घरोघर गेले. "पैसे मिळतील की नाही सांगत नाही," ते प्रत्येकाला म्हणाले, "पण आपण गिऱ्हाईक होतो, येडे नव्हतो, हे सरकारी शिक्क्यानिशी ठरलंय." चहावाल्याने त्या दिवशी त्यांच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. मामांनी ते बळजबरीने दिले आणि वर त्याला रागावले.

काही महिन्यांनी त्या पोराने मामांना एक फाइल पाठवली. सोबत लिहिलं होतं, एवढाच झाला होता. मामांनी ती आधी उघडलीच नाही. पंधरवडाभर ते तिच्यावर चिडून होते. मग एका संध्याकाळी आम्ही गेलो, तर चादर घडी करून बाजूला ठेवलेली, अक्का खुर्चीत आणि मामा कॉम्प्युटरपुढे.

एक गाव होतं. चौकोनी ठिपक्यांची घरं, करपलेलं झाड, आणि गाडीत चढवलेला माग. गाडीपुढे एक पागोटेवाला होता. मामांनी पाठवलेल्या फोटोतल्या आजोबांसारखा दिसायचा प्रयत्न करत असल्यासारखा. मामा बटण दाबून धरत आणि गाडी चाले. मागे अक्कांचं गाणं लागलं, ढोलकी नाही, नाणी नाहीत, नुसता आवाज, आणि त्यामागे अगदी बारीक, थांबवूनही कुठल्यातरी दुसऱ्या कारखान्यात चालू राहिलेला एक माग. अक्कांना आता लांबचं नीट दिसत नाही. त्या ओठातल्या ओठात गाण्यामागून जात होत्या.

वाट एका नदीशी येऊन थांबली. नदीपलीकडे काही काढलेलंच नव्हतं. पांढरं होतं सगळं. बैलांचे पाय हलत होते आणि गाडी जागच्या जागी होती.

"सोलापूर आलं का रे?" अक्कांनी तेलुगूत विचारलं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. "येतंय, अक्का," ते म्हणाले.

"मग दम खाऊ दे बैलांना," अक्का म्हणाल्या. "लई चाललेत."

मामांनी बटणावरचं बोट उचललं. बैल थांबले. गाणं पहिल्यापासून सुरू झालं, आणि मामा तसेच हात मांडीवर ठेवून अक्कांशेजारी बसून राहिले.